सही कुणाची? ऑफिसातल्या एआयबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विचारलं होतं की तुमच्या कामाच्या जागी एआय आल्यापासून साहेब लोक कसे बदलले आणि तुमचं काम कसं बदललं ते लिहून पाठवा. मला वाटलं चार-दोन पत्रं येतील. ढीग आला, हिंजवडीपासून भोसरीपर्यंत, आणि सदाशिव पेठेतून एक चक्क पोस्टकार्ड, बारीक अक्षरात, कडेच्या मार्जिनमध्येसुद्धा लिहिलेलं. सगळी छापणं शक्य नाही. नावं गाळलीत, कंपन्यांची तर गाळलीच. मशीनवर फारसं कुणी चिडलेलं दिसलं नाही, पण "मी काय करू, सिस्टीमने सांगितलं" म्हणणाऱ्या साहेबांवर मात्र पानंच्या पानं आलीत.

प्रश्न: ताई नमस्कार. मी हिंजवडी फेज दोनला एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, सोळा वर्षं झाली. सुरुवात जावात केली पण गेली सहा-सात वर्षं कोड असा लिहिलाच नाही, काम म्हणजे क्लायंट कॉल, एस्टिमेट, स्टेटस रिपोर्ट, एस्कलेशन. दिवाळीनंतर वरून निरोप आलाय की एआयमुळे प्रॉडक्टिव्हिटी ३० टक्के वाढली पाहिजे आणि टीम अकराची आठ करायची, नावं मी द्यायची. साहेब म्हणतात डॅशबोर्ड बघ, कोण टूल किती वापरतो ते दिसतं, तळाचे तीन दे. मला पटत नाहीये, पण नाही म्हटलं तर चौथं नाव माझंच असणार. काय करू?

उत्तर: पहिल्यांदा तो ३० टक्क्यांचा आकडा. तो कुठून आला हे साहेबांना विचारा, चिडून नको, अगदी सरळ, कारण बहुतेक वेळा तो टूल विकणाऱ्याच्या प्रेझेंटेशनमधून आलेला असतो आणि साहेबांनाही त्यांच्या साहेबांनी तोच ऐकवलेला असतो. प्रत्यक्ष मोजून बघितलं की चित्र वेगळं दिसतं. २०२५ मध्ये मेटर नावाच्या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने १६ अनुभवी डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या मोठ्या प्रोजेक्टमधली खरी कामं दिली, काही एआय वापरून आणि काही न वापरता, तर एआयवाल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि गंमत म्हणजे काम संपल्यावरही त्या लोकांना वाटत होतं की आपण २० टक्के फास्ट झालो. त्यानंतर टूल्स सुधारलीत, आणि १६ माणसांवरून जगाचा निकाल लावू नये हेही खरं. पण डेव्हलपरला स्वतःला जे वाटतं ते आणि घड्याळ, यात एवढी तफावत पडत असेल तर डॅशबोर्डवरच्या "युसेज"ला कितपत अर्थ आहे? दुसऱ्या बाजूला अर्थतज्ज्ञ ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांचा कस्टमर सपोर्टच्या पाच हजारांवर लोकांचा अभ्यास आहे, तिथे सरासरी १४ टक्के फायदा झाला, नवख्यांना ३४ टक्क्यांपर्यंत आणि मुरलेल्यांना जवळजवळ शून्य. म्हणजे फायदा होतो, पण कुणाला आणि कुठल्या कामात हे बघावं लागतं, अकरा जणांवर एकच टक्का फासून चालत नाही.

तुम्ही हे तुमच्याच टीममध्ये मोजू शकता. गेल्या दोन-तीन क्वार्टरमध्ये काम हातात घेतल्यापासून रिलीजपर्यंत किती दिवस गेले, रिलीजनंतर किती बग परत आले, कोड रिव्ह्यूला किती वेळ गेला, एवढं जिरावरून (कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरवरून) काढा. माझ्या ऐकण्यात जे येतंय ते असं की लिहिण्याचा वेळ कमी झाला आणि रिव्ह्यूचा वाढला, कारण जो पोरगा टूलची प्रत्येक सजेशन घेतो तो डॅशबोर्डवर पहिला येतो आणि त्याचा घोळ निस्तरणारी सीनियर मुलगी, जी टूल कमी वापरते, ती तळाला दिसते. तळाचे तीन काढले तर नेमकी तीच जायची. हे साहेबांना एका पानावर आकड्यांनिशी दाखवा. साहेब लोक भावनेला बधत नाहीत पण क्लायंट जाईल म्हटलं की ऐकतात.

क्लार्ना नावाची स्वीडिश कंपनी आहे, तिने २०२४ मध्ये मोठ्या थाटात सांगितलं की आमचा एआय ७०० एजंटांचं काम करतो, आणि २०२५ मध्ये त्याच सीईओंनी कबूल केलं की क्वालिटी घसरली, आम्ही परत माणसं घेतोय. ऑनलाइन दुकानांसाठी सॉफ्टवेअर देणाऱ्या शॉपिफायच्या प्रमुखांनीही २०२५ च्या एप्रिलमध्ये स्टाफला मेमो पाठवला होता की नवीन माणूस मागण्याआधी हे काम एआयने का होत नाही ते दाखवा. तो मेमो मला कडक वाटतो, पण निदान त्यात आधी काम बघायचं आणि मग माणसं ठरवायची हा क्रम आहे. तुमच्याकडे उलटं चाललंय, आकडा आधी ठरला आणि कारण मागाहून शोधताय.

आता तुमच्याबद्दल, आणि हे थोडं कडू लागेल. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये साधारण २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं तेव्हा त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या ग्रेडचे लोक होते. कंपनीचं म्हणणं होतं की हे एआयमुळे नाही, स्किल जुळत नाहीत म्हणून. कारण काहीही असो, थर तुमचाच होता. स्टेटस रिपोर्ट, मिनिट्स, एस्टिमेटचा पहिला ड्राफ्ट, फॉलोअपच्या मेल, ही कामं खरंच मशीन बरी करतं आणि तुमचा आठवड्यातला निम्मा वेळ त्यातच जात असेल तर तो निम्मा वेळ धोक्यात आहे. उरतं ते क्लायंटला "हे या तारखेला होणार नाही" असं तोंडावर सांगणं, पेमेंटच्या मॉड्यूलला एआयचा कोड तपासल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही हे ठरवणं, आणि नवीन पोरांना तयार करणं. यासाठी कोड वाचता आला पाहिजे. लिहायला बसू नका, पण रोज दोन पुल रिक्वेस्ट (टीमने तपासायला पाठवलेले कोडमधले बदल) स्वतः वाचा, दोन-तीन महिन्यांत हात परत बसतो.

आणि नावं द्यावीच लागली तर कुठल्या निकषावर दिली आणि कुठल्या निकषाला तुमचा विरोध होता हे मेलवर लिहून ठेवा. कुणाकडून "स्वतःहून राजीनामा देतो" असं लिहून घ्यायला सांगितलं तर ते काम तुम्ही करू नका. कामावरून कमी करणं वेगळं आणि राजीनामा लिहून घेणं वेगळं, पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने अशा तक्रारी कामगार खात्यापर्यंत नेलेल्या आहेत, त्यामुळे हे गुपचूप उरकतं अशा भ्रमात एचआरने राहू नये.

प्रश्न: आमचे साहेब हल्ली मीटिंगला येतच नाहीत, त्यांचा एआय नोटटेकर येतो, म्हणजे मीटिंग ऐकून नोंदी काढणारं सॉफ्टवेअर. काल सहा जणांच्या मीटिंगमध्ये चार नोटटेकर होते आणि आम्ही दोघं. मग साहेब संध्याकाळी समरी वाचून निर्णय कळवतात. हसावं की रडावं?
(बाणेर)

उत्तर: आधी हसून घ्या. मग पुढच्या मीटिंगच्या शेवटी मोठ्याने बोला, "नोंद घ्या, या मुद्द्यावर निर्णय साहेबांनी उद्या बारापर्यंत द्यायचाय, नाही आला तर आम्ही दुसरा पर्याय धरून पुढे जाणार." समरीत ते ॲक्शन आयटम म्हणून साहेबांच्या नावापुढे येईल. नोटटेकर इमानदार असतो, तो साहेबांचंही नाव लिहितो. एक गंभीर गोष्ट मात्र बघून घ्या, ते रेकॉर्डिंग कुठे साठतं आणि बाहेरच्या क्लायंटला आधी विचारलंय का. पगार, आजारपण, कुणाची तक्रार असा विषय निघाला की नोटटेकर बंद करायला सांगायचं, आणि हे सांगायला लाजायचं नाही.

प्रश्न: ताई रामराम. मी भोसरी एमआयडीसीत ॲल्युमिनियम कास्टिंगच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे, आयटीआय झालोय, वय ४८. लाईनवर कॅमेरा बसवलाय, एआय आहे म्हणतात. एक इंजिनिअर पोरगा रोज माझ्याकडे पार्ट घेऊन येतो, "काका हा ओके का एनजी?" (एनजी म्हणजे नो गुड, खराब.) मी सांगतो, तो टिक करतो. ब्लोहोल (धातूत हवेने पडलेलं भोक) कुठला चालतो कुठला नाही, कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची रेघ) कसा ओळखायचा, सगळं विचारून घेतो. आता दोस्त म्हणतात तू स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतोयस. सांगायचं बंद करू का? पोरगा चांगला आहे हो, डब्यातली भाकरी पण देतो आम्ही त्याला.

उत्तर: दादा, या महिन्यातलं सगळ्यात चांगलं पत्र तुमचं. सांगायचं बंद करू नका, पण फुकटात आणि बिननावाने सांगू नका.

कॅमेऱ्याचं काम कसं चालतं ते आधी बघू, कारण तुमची ताकद तिथेच आहे. त्याला हजारो फोटो दाखवतात, प्रत्येकावर ओके किंवा एनजी असा शिक्का असतो, आणि तो शिक्का तुमच्या डोळ्याने मारलेला असतो. तुम्ही जे शिकवलं नाही ते त्याला येत नाही. तेलाचा डाग, कूलंटचा ओघळ, लाईटचा चमका, हे त्याला क्रॅकसारखं दिसू शकतं आणि मग चांगला पार्ट रिजेक्शनच्या बिनमध्ये जातो. डायला (साच्याला) नवीन इन्सर्ट टाकला, मटेरियलचा सप्लायर बदलला, दिव्याच्या काचेवर धूळ बसली, की परत गडबड. त्यात कॅमेऱ्याला एक सीमा ठरवून द्यावी लागते, ती कडक ठेवली तर चांगले पार्ट फेकले जातात आणि सैल ठेवली तर खराब पार्ट कस्टमरकडे जातो. ही सीमा कोण ठरवतं? विचारा. तुमच्या क्वालिटी हेडनी सही करून ठरवलीय, का त्या पोराने लॅपटॉपवर ०.८ टाकलंय म्हणून ती ०.८ आहे? कस्टमर कम्प्लेंट येईल तेव्हा एट-डी रिपोर्टमध्ये (चूक का झाली ते कस्टमरला कळवायच्या अहवालात) "कॅमेऱ्याने पास केला" हे मूळ कारण म्हणून कुठलाच कस्टमर घेत नाही. तिथे माणसाचंच नाव लागतं, आणि आज नीट ठरलं नाही तर ते तुमचं लागेल.

म्हणून तीन गोष्टी मागा. ओके-एनजीच्या सीमेवरच्या सॅम्पलचा बोर्ड तयार होत असेल तर त्यावर मंजुरी देणाऱ्याबरोबर तुमचंही नाव आणि सही. कॅमेऱ्याने एनजी केलेले आणि ओके केलेले काही पार्ट रोज परत तपासायचं काम लेखी तुमच्याकडे. आणि त्या सिस्टीमचं ट्रेनिंग, फोटोवर खुणा कशा करायच्या, सीमा बदलली की काय होतं, हे तुम्हालाही शिकवलं पाहिजे. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका, ते काम माऊसने चौकोन काढण्याचं असतं, आणि चौकोन कुठे काढायचा हे त्या पोरापेक्षा तुम्हाला जास्त कळतं हे तो रोज तुमच्याकडे येऊन सिद्ध करतोच आहे.

कायद्याचं थोडं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९अ होतं, कामगार कमी होण्याची शक्यता असेल असा मशिनरीतला किंवा पद्धतीतला बदल करायचा तर आधी नोटीस द्यायची, २१ दिवस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, त्यातही ही नोटीस आहे. कामगाराला कमी केलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार हे पूर्वीसारखंच, आणि नव्यात पुन्हा कौशल्य शिकण्यासाठी १५ दिवसांच्या शेवटच्या पगाराएवढी रक्कम ४५ दिवसांत खात्यात जमा करायची अशी सोय केलीय. उलट बाजू अशी की कारखान्याला कपातीसाठी सरकारची आधी परवानगी लागायची ती मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली, त्यामुळे भोसरीतल्या बऱ्याच मधल्या कंपन्या त्यातून सुटल्या. तुमच्या हुद्द्याचं नाव उद्या "क्वालिटी एक्झिक्युटिव्ह" केलं तर हुरळून जाऊ नका, कामगार कोण हे ठरवताना हाताने काय काम करता ते बघतात, पण नाव बदललं की भांडण वाढतं. युनियन असेल तर तिच्या वकिलाला नाव बदलल्याचं पत्र दाखवा, नसेल तर कामगार आयुक्तालयात एकदा जाऊन या.

आणि त्या पोराला भाकरी देत राहा. सीमा बदलणार असेल तर आधी तोच सांगेल तुम्हाला.

प्रश्न: मी खराडीत एका मोठ्या कंपनीत एचआर आहे. दोन प्रश्न. एक, रेझ्युमे आता एआय गाळतं, आमच्याकडे फक्त वरचे वीस येतात. दोन, मॅनेजर्स अप्रेझलचे शेरे चॅटजीपीटीवरून लिहितात आणि एका टीमच्या नऊ जणांना "स्टेकहोल्डर्सशी प्रोॲक्टिव्हली अलाइन होण्यास वाव आहे" हे एकच वाक्य आलंय. एक मुलगी माझ्याकडे येऊन रडली, म्हणाली मी वर्षभर नाइट शिफ्ट केली त्याचा उल्लेखच नाही. मॅनेजरला बोलावलं तर म्हणतो ड्राफ्ट एआयचा होता, मी बघितला नाही.

उत्तर: दुसऱ्यापासून सुरू करते कारण त्याचा मला खरंच राग आला. अप्रेझल हा साहेबाच्या कामाचा कंटाळवाणा भाग नसतो, वर्षातून एकदा तो तुमच्याकडे नीट बघतो का याचा तो पुरावा असतो, आणि त्याने तेच दुसऱ्याकडून करून घेतलं तर त्याला मॅनेजरचा पगार कशाचा देताय? तुमच्या हातात असेल तर फॉर्ममध्ये एक रकाना घाला: या व्यक्तीने या वर्षात केलेलं एक काम, तारखेसह, जे तुम्ही स्वतः पाहिलं. मशीनला ती नाइट शिफ्ट माहीत नसते, मॅनेजरला माहीत असते किंवा नसते, आणि नसेल तर ते तिथे उघडं पडतं. बाकी भाषा सुधारायला एआय खुशाल वापरू देत, आपल्याकडे कित्येक जणांना मनातलं इंग्रजीत नीट मांडता येत नाही, त्यांना त्याची मदतच होते. मराठीत शेरे लिहू दिले तर प्रश्नच मिटेल, पण तेवढं कुठलं नशीब.

रेझ्युमेबद्दल ॲमेझॉनची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, २०१८ मध्ये बातमी आली होती. त्यांनी दहा वर्षांचे जुने अर्ज दाखवून एक टूल तयार केलं, जुन्या अर्जांत पुरुष जास्त, तर ते टूल बायकांच्या अर्जांना खाली ढकलायला लागलं. शेवटी गुंडाळलं. आपल्याकडे ते आडनावावर जाईल, कॉलेजवर जाईल, बाळंतपणाच्या गॅपवर जाईल. त्यामुळे दर महिन्याला गाळलेल्यातले पन्नास अर्ज कुठलेही उचला आणि माणसाने वाचा, वेंडरला सांगून नाही, तुम्ही स्वतः. त्यात दोन-तीन चांगले निघाले की साहेबांना दाखवायला मुद्दा तयार. युरोपात भरतीसाठी वापरलेलं एआय कायद्याने जास्त जोखमीचं धरलंय आणि कामाच्या जागी चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या सिस्टीमवर फेब्रुवारी २०२५ पासून मोजके अपवाद सोडून बंदी आहे, तुमचे क्लायंट तिकडचे असतील तर हे तुमच्यापर्यंत येईलच. आपला डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतायत, दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. उमेदवारांचे अर्ज कुठल्याही फुकट टूलवर चढवणाऱ्या मॅनेजरला हा आकडा एकदा सांगून बघा.

प्रश्न: (पोस्टकार्ड, सदाशिव पेठ) आपले सदर वाचतो. उगाच बाऊ करत आहात. आम्ही बँकेत असताना कॉम्प्युटर आले तेव्हाही हाच आरडाओरडा झाला होता. एकाचीही नोकरी गेली नाही. मी मॅनेजर होऊन रिटायर झालो. हल्लीच्या मुलांना शिकायला नको, तक्रार करायला हवी. उत्तर अपेक्षित नाही.

उत्तर: अपेक्षित नसलं तरी देते, काका. तुमचं अर्धं खरं आहे. नोकऱ्या तेव्हा एकदम गेल्या नाहीत, पण त्या आपोआप वाचल्या असं नव्हे. १९८३ मध्ये युनियन आणि बँकांचा करार झाला, १९८४ मध्ये बँकांतल्या कॉम्प्युटरबद्दल रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि कुठे किती मशीन बसवायची यावर वर्षानुवर्षं घासाघीस झाली. तुमची खुर्ची शाबूत राहिली ती त्या आरडाओरड्यामुळेच. नंतर २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन लाखभर लोक बाहेर पडले, तुमच्या शाखेतलेही असतील, आणि क्लार्कची भरती मग बरीच वर्षं जवळपास आटली होती. ज्याला घेतलंच नाही तो मोर्चात दिसत नाही. तुम्हाला पदोन्नती मिळाली, तुमच्या जागी लागला असता तो मुलगा तेव्हा काय करत होता ते कुणी मोजलं नाही. पुढचा प्रश्न अशाच एका मुलाचा आहे.

प्रश्न: माझा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कात्रजच्या बाजूच्या कॉलेजात, चार लाख फी भरून झालीय. कॅम्पसला कंपन्या कमी येतायत म्हणतात. यांचं म्हणणं एमपीएससी कर, मुलाचं म्हणणं सगळं एआय करतं, शिकून काय उपयोग. तो असाइनमेंटपण त्यावरूनच करतो. घरात रोज वाद. काय सांगू त्याला?

उत्तर: वहिनी, खोटा धीर देत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगारपत्रकांचे आकडे तपासले तेव्हा एआयचा सगळ्यात जास्त परिणाम होणाऱ्या कामांत २२ ते २५ वयाच्या मुलांच्या नोकऱ्या इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या, मोठ्या वयाच्यांच्या मात्र टिकून होत्या. ते अमेरिकेचं झालं, पण आपल्या आयटीचे क्लायंट तिकडचेच. कारणही सरळ आहे, नवीन पोराला पहिली दोन वर्षं जी बारीकसारीक कामं देऊन शिकवायचे तीच आता मशीन करतं. यात दोष कंपन्यांचाही आहे, पाच वर्षांनी सीनियर कुठून आणणार हा विचार फार थोडे साहेब करताना दिसतात.

मुलाला एवढंच सांगा की असाइनमेंट एआयने केली तर केली, पण ती त्याला फळ्यावर उभं राहून समजावता आली पाहिजे, आई-बाबांना नव्हे, वर्गातल्या सगळ्यात खडूस मित्राला. हल्ली इंटरव्ह्यूला एआयने लिहिलेला कोड समोर ठेवून "यात काय चुकलंय" असं विचारल्याचं मी ऐकतेय. तिथे शिकलेला आणि न शिकलेला पाच मिनिटांत वेगळा होतो. शिवाय फक्त हिंजवडीकडे बघू नये, चाकणच्या ऑटो कंपन्या, एखादी सहकारी बँक, हॉस्पिटलं, यांना त्यांचं काम समजून घेणारा कॉम्प्युटरवाला मिळत नाही, सुरुवातीचा पगार कमी असतो पण शिकायला मिळतं. एमपीएससी त्याला स्वतःला हवं असेल तरच, घाबरून नको. पेठेतल्या अभ्यासिका बघून या एकदा, तिथली गर्दी कॅम्पसपेक्षा मोठी आहे.

प्रश्न: ताई, मी नवी पेठेत एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करतेय. सर चांगले आहेत पण नोटिशीचं उत्तर द्यायचं असलं की म्हणतात चॅटजीपीटीवर टाक, क्लायंटचं बॅलन्सशीट पण टाक, केस लॉ (कोर्टाचे जुने निकाल) काढ, चारपर्यंत ड्राफ्ट दे. परवा मी त्यातला एक निकाल शोधला तर सापडलाच नाही. सरांना सांगितलं तर म्हणाले असेल कुठेतरी, नीट शोध. सही सरांचीच असते पण मला भीती वाटते.

उत्तर: तुझी भीती बरोबर आहे, आणि शोधलंस हे फार छान केलंस. सापडला नाही कारण बहुधा तो नाहीच. ही टूल्स पुढचा शब्द कुठला यावा याचा अंदाज बांधत लिहितात, त्यामुळे पक्षकारांची नावं, वर्ष, कोर्ट सगळं अगदी खऱ्यासारखं जुळवतात. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला अशाच बनावट केसेस दिल्याबद्दल ५,००० डॉलर दंड झाला. ते लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने एक इन्कम टॅक्स असेसमेंटच रद्द केली, कारण अधिकाऱ्याने आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते, आणि कोर्टाने स्पष्ट म्हटलं की एआयने दिलेलं आंधळेपणाने वापरायचं नाही, आधी पडताळायचं. म्हणजे नोटीस पाठवणारेही हेच करतायत. तुझ्याकडे आलेल्या नोटिशीतले निकालपण शोधून बघ बरं का, एखादा खोटा निघाला तर सर तुला पार्टी देतील.

बॅलन्सशीटचं मात्र थांबव. सॅमसंगच्या इंजिनिअरांनी २०२३ मध्ये कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मग कंपनीने ऑफिसात ही टूल्सच बंद केली. क्लायंटची माहिती गुप्त ठेवणं हे तर सीएच्या व्यवसायाचं बंधन आहे, आर्टिकलने टाकली म्हणून सर सुटत नाहीत. नाव, पॅन, जीएसटी नंबर, रकमा काढून नुसता प्रश्न विचार, भाषा आणि मुद्द्यांचा क्रम त्याच्याकडून घे, निकाल मात्र मूळ ठिकाणाहून. ड्राफ्टच्या शेवटी एक छोटी यादी जोडत जा, कुठला निकाल कुठून उघडला आणि कोणी वाचला, आणि जो सापडला नाही त्यापुढे "सापडला नाही" असं लिहून सरांना दे. सही करताना त्यांना ते दिसलंच पाहिजे.

तरी ऐकलं नाही तर हायकोर्टाची ती ऑर्डर प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेव, बोलू काही नकोस. फक्त ती कोर्टाच्या साईटवरून काढ, चॅटजीपीटीला विचारून नको.